बर्फाच्या कारखान्यानंतर

एकतीस वर्षं मी कुजणं थांबवलं.
हर्णैच्या बंदरावर, अमोनियाच्या वासात,
बर्फाची लादी आकड्यानं ओढायची,
यंत्रात ढकलायची,
भुगा टोपल्यात, टोपल्या होडीत.
ज्याच्या त्याच्या तोंडी एकच बोली:
माल टिकला पाहिजे.
टिकला. मुंबईपर्यंत, त्याच्याही पुढं,
डोळे उघडे ठेवून टिकला.
माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तेवढी
मिठाच्या गारढोण पाण्यात कधीतरी मेली.
सुई टोचली तरी पत्ता लागत नाही.

आता परसात निळा ड्रम आहे,
कैऱ्या खारवायचा, जुना.
सळई तापवून भोकं पाडली शिमग्यानंतर,
आणि पहिल्या पंधरवड्यातच हरलो.
ओलं तेवढं टाकत गेलो:
कलिंगडाच्या साली, शिळा भात, कोलंबीची टरफलं,
दाबून दाबून, वर झाकण घट्ट,
पेटी भरावी तसं.
हाताची सवय.
वास असा उठला की पलीकडून रुबिना काझींनी
गडग्यावरून विचारलं,
"चोगलेकाका, बर्फ संपला काय?"

मग त्यांनीच शिकवलं.
त्यांच्या सासूची गायरी होती गोठ्यामागं,
वास म्हणून कधी आला नाही.
त्याला श्वास घेऊ द्या, म्हणाल्या,
ओल्याच्या दुप्पट सुकं घाला.
मी सुकं शोधायला निघालो
तर ते माझ्याच दारात,
दर रविवारी मी ज्याला काडी लावायचो:
आंब्याची पानं, फणसाची पानं,
सोडणाचा भुसा, पोफळीच्या झावळ्या.
वर मूठभर शेण,
आणि चार दिवसांनी खालचं वर, वरचं खाली.

नवव्या दिवशी हात घातला कोपरापर्यंत.
गरम.
रात्री विझलेल्या चुलीच्या पोटात असते तशी ऊब,
आणि ती आधी कळली
त्या दोन बोटांना.
डॉक्टर म्हणाले, शक्य नाही.
नसेल.
मी हात बाहेर काढला नाही.
कुमुद म्हणाली, चहा गार होतोय.
होऊ दे म्हटलं.

आत कारखाना चालू आहे.
भोंगा नाही, पाळी नाही,
वीज गेली म्हणून कुणी बसून राहत नाही.
पांढरी बुरशी, वाणी, कसल्या कसल्या अळ्या,
तळाशी गांडुळं,
कुठून आली, कुणी बोलावली,
हजेरीपुस्तकात एकाचंही नाव नाही.

आमच्या परसात माती अशी नव्हतीच.
रेती, आणि शिंपल्यांचा चुरा.
बादली ओतली की पाणी खाली पसार,
जसं काही कुणाचं देणं लागत होतं.
अळू लावलं की आठवड्यात मान टाकायचं.
श्रावण सरता सरता ड्रम आडवा केला.
काळं. हलकं.
मूठ आवळली की लाडू,
बोट लावलं की भुगा.
भुगा मला ओळखू येतो, पण हा
हातात वितळत नव्हता.

चाळणीवर उरली आंब्याची एक बाठ,
कुर्लीची नांगी,
आणि दुधाच्या पिशव्यांचे कातरलेले कोपरे.
सत्तावीस. मोजले मी.
कात्री मीच चालवतो रोज सकाळी.
जसेच्या तसे, कडा धारदार,
छापलेलं अर्धं अक्षरसुद्धा वाचता येत होतं.
हे टिकतं.
बर्फाचा एक खडा न घालता टिकतं.
डब्यात भरून ठेवलेत. टाकू कुठं?
पंचायतीची गाडी नेते
ते खाडीच्या कडेला ओतते, मी पाहिलंय.

अळवाखाली पाणी आता दुसऱ्या दिवशीही असतं.
बोट खुपसून बघतो, डाव्या हाताचं,
कारण उजव्यावर माझा अजून भरवसा नाही.
कुमुद म्हणते, एवढं काय बघायचं त्यात.

रुबिना काझी दोन घमेली घेऊन गेल्या, शेवग्याला.
आज दुपारी गडग्यावर पुडकं ठेवलं,
बांगड्याची मुंडकी, कागदात गुंडाळलेली.
"खोल पुरा हां. पण ताजी आहेत काका, आत्ताची."
असू देत, मी म्हटलं,
होतील हळूहळू चांगली.